बॅटरीची झोप

चुळबुळ्या हे नाव त्याला आईनेच ठेवलं होतं, तो तीन वर्षांचा असताना. आता बावन्नाव्या वर्षीही ते बदलायची गरज कुणाला वाटली नव्हती. जेवताना तो दोनदा उठायचा. बोलताना समोरच्याच्या मागे काय लोंबतंय तिकडे त्याचं लक्ष, आणि वाक्य अर्धवट सोडून तो ते खिळ्याला अडकवून यायचा. तीस वर्षं त्याने लोकांच्या सभा-समारंभांत लाऊडस्पीकर लावले, त्याचं कारणही हेच असावं. त्या धंद्यात बसून राहणारा माणूस कुणाला चालत नाही. पुढे एक जुनी मासेमारीची बोट घेऊन, तिच्यावर दोन खोल्यांची केबिन चढवून तो पाण्यावरच राहायला गेला आणि इतरांच्या बोटींचं वायरिंग करू लागला. त्याची थोरली बहीण, ताई, म्हणाली, बरंच झालं, घरच हलतंय म्हटल्यावर याला वेगळं हलायला नको. पण ताईचा हा हिशेब चुकला. बोट हलायची ती हलायचीच, आणि हा तिच्या आत वेगळा हलायचा.

ताई मुख्याध्यापिका होती आणि आई तिच्याकडे राहायची. आता ताई निवृत्त होऊन लांबच्या शहरात मुलाकडे चालली होती. आईचं काय करायचं, असा विषय फोनवर निघाला आणि याने पुढचं ऐकून न घेता सांगून टाकलं की आई माझ्याकडे राहील. पलीकडे ताई इतका वेळ गप्प राहिली की फोन कटला असं समजून त्याने दोनदा हॅलो म्हटलं.

तिच्या गप्प बसण्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने ताईला आणि भावोजींना बोटीतून फिरायला नेलं होतं. मधे थांबून, इंजिन बंद करून, तीन तास झोकात गाणी लावली. परतायची वेळ झाली तेव्हा इंजिन सुरू होईना, कारण गाण्यांनी बॅटरी पार चाटूनपुसून खाल्ली होती. सहा तास तिघं एकमेकांची तोंडं बघत बसली. शेवटी एका मासेमारी बोटीने दोर लावून ओढत आणलं. त्यानंतर ताईने त्याच्या बोटीवर पाय ठेवला नाही.

त्यानेही कानाला खडा लावला होता. एका बॅटरीच्या जागी दोन बसवल्या. एक इंजिनाची, इंजिन सुरू करणं एवढंच तिचं काम. दुसरी घरची, दिवे, फ्रिज, पंखा, फोन आणि स्टिरिओ यांनी जे खायचं ते हिच्यातून खायचं. दोघींच्या मधे लाल खटका आणि त्याच्यावर तीन खुणा: एक, दोन, दोन्ही. खटका 'दोन्ही'वर नेला की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात, आणि मग घरची रिकामी होताना इंजिनाचीलाही बरोबर घेऊन बुडते. म्हणून त्या तिसऱ्या खुणेवर त्याने चिकटपट्टी लावून ठेवली होती. गिऱ्हाइकांच्या बोटींवरही तो तशीच पट्टी लावायचा आणि वर फुकटचं भाषण द्यायचा.

ताईने अट घातली. गुरुवारी आईला ने. रविवारी सकाळी दहाला मी धक्क्यावर येते. तू बोट स्वतःच्या इंजिनावर चालवत धक्क्याला लाव, आई ठीक आहे हे मी माझ्या डोळ्यांनी बघते, आणि मग ठरवू. नाहीतर संध्याकाळी सहाच्या गाडीने आई माझ्याबरोबर येईल, तिचं तिकीट काढून ठेवलंय. त्याने सगळ्याला हो म्हटलं. आईला यातलं कुणी काही विचारलं नाही.

गुरुवारी धक्क्यावरच्या दोन माणसांनी आणि त्याने मिळून आईला बोटीवर घेतलं. आई एकोणऐंशी वर्षांची, अंगाने चिमूटभर, पण गुडघे असे की एक पायरी म्हणजे एक मोहीम. चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ज्या कानाला आयुष्यभर फोन लावला तो कान आता पार गेला होता आणि दुसरा अर्धामुर्धा चालायचा. कानाचं यंत्र डबीत असायचं, कारण ते शिट्टी मारतं. तिला केबिनमध्ये बसवून त्याने बोट पुन्हा तिच्या जागी नेली, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला बांधली.

त्याने जय्यत तयारी केली होती. नवी गादी, न्हाणीघरात धरायला दांडा, आणि मुख्य म्हणजे स्टिरिओ. लहानपणचं त्याला एकच पक्कं आठवायचं: आई ड्युटीवरून आली की इस्त्री करायला उभी राहायची आणि तिच्या डोक्याशी रेडिओ चालू असायचा. आई असलेलं घर म्हणजे गाणी चालू असलेलं घर. म्हणून त्याने धंद्यातला जुना, जड, दणकट अॅम्प्लिफायर काढून केबिनमध्ये बसवला, चार कोपऱ्यांना चार स्पीकर लावले आणि तिच्या काळची गाणी निवडून भरली. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आई त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने काय म्हणून विचारलं, तर तिने नंतर सांगते अशी खूण केली. मग एका स्पीकरची वायर ढिली वाटली म्हणून तो फळ्यांखालच्या इंजिनाच्या खळग्यात उतरला, आणि वरून आईने आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं. चांगलं टोकापर्यंत फिरवलं. खाली बसल्या बसल्या त्याचा ऊर भरून आला. आवडलं म्हणजे तिला.

गाणी संध्याकाळपर्यंत चालू राहिली. धक्क्यावरची माणसं हात करून गेली. रात्री आई झोपल्यावर त्याने खिशातला पिवळा मीटर काढून घरच्या बॅटरीला लावला. पूर्ण भरलेली बॅटरी बारा-सात, म्हणजे बारा पूर्णांक सात व्होल्ट दाखवते. बारा-दोन म्हणजे अर्धी, आणि अर्ध्याच्या खाली गेली की ती आजारी पडायला लागते. काटा म्हणत होता बारा-तीन. एका दिवसात. अजून तीन दिवस जायचे होते, आणि आकाशात ढग असे दाटले होते की केबिनच्या छपरावरची सोलरची पाटी नुसती शोभेला होती.

शहाण्याने काय केलं असतं? आईला सांगितलं असतं, की बाई गं, जरा आवाज कमी कर, बॅटरी मोजकीच आहे. पण ते त्याच्या जिभेवर येईना. एकदा म्हटलं असतं की या घरात गाणंसुद्धा जपून ऐकावं लागतं, की मग आई इथे कशाला राहील? ताईकडे भिंतीत बटण आहे, दाबलं की वीज. त्याला आईसमोर तसंच भिंतीतल्या बटणाचं घर उभं करायचं होतं. आणि त्यासाठी पडद्यामागे त्याची जी धावपळ सुरू झाली, ती बघणाऱ्याला घेरी यावी.

शुक्रवारी सकाळी त्याने फ्रिज बंद केला. दुपारी दूध नासलं. आईला सांगितलं की दूधवाल्याने फसवलं. तिने मुकाट्याने कोरा चहा घेतला. मग पंख्याची वायर काढली आणि पंख्याचं बेअरिंग गेलं म्हणून ठोकून दिलं. दिव्यांपैकी एक ठेवला. फोन धक्क्यावरच्या पहारेकऱ्याकडे चार्जिंगला दिला, बोटीला बांधलेली छोटी होडी वल्हवत जाऊन. वाचलेली वीज स्टिरिओ दोन तासांत गिळून मोकळा झाला.

मग त्याने इंजिन चालू करून बॅटरी भरायचं ठरवलं. उभ्या बोटीत सावकाश चालणारं इंजिन बॅटरीला पाजतं ते चमच्या चमच्याने, हे त्याला पाठ होतं, पण हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं. इंजिन धडधडायला लागलं. त्या धडधडीत गाणं बुडालं. वर आईने आवाज आणखी वाढवला. आवाज वाढला म्हणून बॅटरी आणखी उतरली. बॅटरी उतरली म्हणून त्याने इंजिनाची गती वाढवली. गती वाढली म्हणून आईने पुन्हा बटणाला हात घातला. तासभर मायलेकांची अशी जुगलबंदी चालली. शेवटी इंजिन तापलं म्हणून त्याने हार मानली.

इंजिन बंद करून लगेच मीटर लावला, तर तेरा. त्याच्या जिवात जीव आला. खरं तर हा तेराचा आकडा म्हणजे शुद्ध थाप असते, आणि ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नुकतीच चारलेली बॅटरी नुसता ढेकर देते. तेरा दाखवते आणि तासाभरात अकरावर येते. तिचं खरं पोट किती भरलंय हे बघायचं तर सगळं बंद करून तिला पाच-सहा तास निजू द्यावं लागतं, मगच मीटर लावायचा. 'बॅटरी झोपू द्या, मग विचारा,' असं तो गिऱ्हाइकांना बजावायचा. स्वतः मात्र दर वीस मिनिटांनी मीटर लावायचा. दिवसभरात खळग्याचं झाकण किती वेळा उघडलं आणि किती वेळा मिटलं याची गणती नाही. आई केबिनच्या दारातून नुसती बघायची. एकदा ती झाकणाशी येऊन उभी राहिली, ओठ हलवले. 'आलोच,' तो खालून ओरडला. तो आला तोवर ती परत जाऊन बसली होती, आणि गाणं दणदणत होतं.

शनिवारी त्याने मागचे दोन स्पीकर गुपचूप सोडवले. आईला फरक कळला नाही. मग धीर करून तिच्या कानाशी ओरडला की आवाज थोडा कमी करू या, स्पीकर फाटेल. 'फाटू दे,' आई म्हणाली आणि हसली. तोही हसला. आई खूश आहे, एवढं एक समाधान तो त्या चार दिवसांत गाठीला बांधून होता. बाकी जिवाची नुसती घालमेल. एका बाजूला बारा, मग अकरा-नऊ, अकरा-आठ. दुसऱ्या बाजूला रविवार सकाळचे दहा.

संध्याकाळी दिवेलागणीला अॅम्प्लिफायरने स्वतःच मान टाकली. बोटीवर शांतता झाली. इतकी, की पाणी फळीला चाटतं त्याचा आवाज आला. तो खळग्यात होता. वर झाकणाशी आई येऊन वाकली.

'बंद झालं का रे?' ती म्हणाली. 'बरं, मग ऐक ना...'

तिचा चेहरा उतरलाय असं त्याला वाटलं. मावळत्या उजेडात कुणाचाही उतरलेलाच दिसतो, पण त्याला एवढा विचार करायला उसंत होती कुठे?

'एक मिनिट, आई. एकच मिनिट.'

त्याने लाल खटक्यावरची चिकटपट्टी टरकन ओढली आणि खटका 'दोन्ही'वर नेला. गाणं आलं. आई क्षणभर तशीच वाकून राहिली, मग गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली आणि आत गेली. दहा मिनिटांपुरतंच, असं त्याने स्वतःला बजावलं. अर्धा तास इंजिन चालवलं, बंद केलं, मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून तेरा-एक. त्याने खूश होऊन मीटरचाच मुका घेतला. आता फक्त खटका परत पहिल्या जागी आणायचा होता. तेवढ्यात पुढच्या टोकाला दोर लाकडावर घासतोय असं ऐकू आलं, म्हणून तो तिकडे धावला. दोराखाली कापड बांधलं. मग तिथली एक फळी हलत होती ती ठोकली. मग हात धुतले आणि जेवला.

रविवारी लख्ख ऊन पडलं. सहा वाजता उठून त्याने कठडे पुसले, फळ्या घासल्या, आईच्या उशीची खोळ बदलली, काल बदललेली पुन्हा बदलली. त्याची ही फिराफिर सुरू होताच आईने उठून स्टिरिओ लावला. तो गाण्याबरोबर शीळ घालत होता. साडेनऊला गाणं खरखरलं, घोगरं झालं आणि थांबलं. काही बिघडलेलं नाही, इंजिनाची बॅटरी तर वेगळी आहे, असं पुटपुटत त्याने किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. पुन्हा टिक, आधीच्यापेक्षा बारीक. त्याने झाकण उघडलं आणि खाली न उतरताच त्याला दिसलं. खटका 'दोन्ही'वर होता. चिकटपट्टीही कुणीतरी गोळा करून बाजूला ठेवली होती. त्यानेच ठेवली असणार.

धक्क्यावर ताई आली होती. तिच्या पायाशी मोठी बॅग होती आणि ती मनगट वळवून घड्याळ बघत होती.

आता मात्र त्याचा बांध फुटला. आईसमोर तो खाली फळ्यांवरच बसला आणि सगळं ओकून टाकलं. दूधवाला खोटा, बेअरिंग खोटं, स्पीकर आपण काढले, बॅटरी पहिल्या दिवसापासून पुरत नव्हती, पण तुला गाणी एवढी आवडतात म्हटल्यावर बंद कर असं सांगवेना. आईने डबीतून यंत्र काढून चांगल्या कानाला लावलं, शिट्टी थांबेपर्यंत पिळलं, आणि त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं.

'मला?' ती म्हणाली. 'मला कुठे एवढं ऐकू येतं? मी तुझ्यासाठी लावत होते.'

'माझ्यासाठी?'

'गाणं चालू असलं की तू पाच मिनिटं तरी माझ्यासमोर बसायचास. माझ्या तोंडाकडे बघत. बंद झालं की चालला मीटर घेऊन त्या भोकात. तिथे खाली तुला ऐकू यावं म्हणून मोठं करायचे. म्हटलं, ऐकेल तर वर येईल.'

तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा हे खरं होतं. तिला गाणं आवडतंय की नाही ते बघत असायचा. तो उठला आणि होडी सोडून ताईला आणायला गेला.

वल्ही मारताना एकदा त्याच्या मनात आलं की सांगावं, पेट्रोल संपलंय. पण बोट डिझेलवर चालते हे ताईला माहीत होतं. शिवाय खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. धक्क्याला लागताच त्याने सांगितलं की इंजिनाची बॅटरी मेली, माझ्याच हाताने. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, 'चल,' आणि तीन वर्षांनी त्याच्या होडीत बसली, बॅग मांडीवर घेऊन, कारण होडीच्या तळाशी पाणी होतं.

आईला होडीत उतरवता येणार नव्हतं, ते गुडघे तेवढं उतरणं सोसणार नव्हते. तिला न्यायचं तर बोटच धक्क्याला लागायला हवी. ओढून न्यायला दुसरी बोट बघावी, तर सगळ्या पहाटेच मासेमारीला गेलेल्या, चार-साडेचारच्या आत एकही परतणार नाही. रविवारचं बॅटरीचं दुकान बंद. उरलं ते ऊन. त्याने खटका फिरवून इंजिनाची बॅटरी एकटी केली, घरच्या सगळ्या वायरी सोडल्या आणि छपरावरची सोलरची पाटी तिला एकटीला जोडली. साडेदहापासून साडेतीनपर्यंत ऊन मिळालं तर इंजिन एकदा फिरवण्यापुरता जीव तिच्यात येईल, असा त्याचा अंदाज होता. पण किल्ली एकदाच फिरवायची. मधेच फिरवून बघायचा मोह झाला तर जमलेलं सगळं वाया जाणार. आणि मीटरचा काही उपयोग नव्हता, उन्हात तो थापाच मारणार.

'म्हणजे करायचं काय?' ताईने विचारलं.

'काही नाही,' तो म्हणाला. 'तिला झोपू द्यायचं.'

आईने हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही. मग त्याने खिशातून पिवळा मीटर काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो आपल्या पर्समध्ये टाकून खटकन पर्स मिटली.

तिघं केबिनच्या सावलीत बसली. त्याचा पाय सारखा हलत होता, त्यावर ताईने न बघताच हात ठेवला, शाळेत बाकावरच्या पोरावर ठेवावा तसा. मग तो बोटांनी फळी वाजवायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की दोघी त्याच्या बोटांकडे बघतायत, म्हणून त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. शेवटी त्यानेच तोंड उघडलं. ताई, तुला जे दिसलं ते दिसलं, पण इंजिन सुरू झालं तर आईला इथे राहू दे, मी उद्याच आणखी एक बॅटरी बसवतो, असं तो घाईघाईने म्हणायला लागला.

'मी जाणार आहे तिच्याबरोबर,' आई म्हणाली. 'ते मी बुधवारीच ठरवलं होतं. तुम्ही दोघं फोनवर ठरवत होतात तेव्हा.'

तो आणि ताई एकाच वेळी तिच्याकडे वळले.

'मला कुणी विचारलं?' ती म्हणाली. रागावून नाही, साधंच. 'इथे मला दोन माणसं धरतात तेव्हा मी चढते, दोन माणसं धरतात तेव्हा उतरते. मधे मी कुठे जाऊ? चार दिवस मी जमिनीला पाय लावला नाही. तू चांगलं केलंस सगळं, तो न्हाणीतला दांडा फार छान आहे. पण मी इथे पाहुणीच बरी. हे तुला सांगायचं होतं. पहिल्या दिवशी सांगायला गेले, तर तू वायर बघायला गेलास. परवा झाकणाशी आले. काल आले. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत रे.'

त्याला हुंदका आला. बावन्न वर्षांचा बाप्या, पण आला. चार दिवस ज्या एका गोष्टीसाठी तो मर मर मेला, ती पहिल्यापासून होणारच नव्हती. आणि जी होऊ शकली असती, आईशेजारी नुसतं बसणं, ती त्याने चार दिवस बॅटरीच्या खळग्यात घालवली होती. ताईने पदर पुढे केला नाही की पाठीवर हात ठेवला नाही. तिने फक्त आपल्या बॅगेतून पाण्याची बाटली काढून त्याच्यासमोर धरली.

'मग चार दिवसांसाठी तरी कशाला आलीस?' त्याने विचारलं.

आईने सांगितलं. तो लहान असताना तिला संध्याकाळच्या पाळ्या असायच्या. ऑपरेटरने स्वतःच्या घरी फोन लावायचा नाही असा नियम होता, आणि घरी फोन तरी कुठे होता? पण खालच्या किराणा दुकानात होता, आणि दुकानदार रात्री आठपर्यंत असायचा. ती कामात जरा फट मिळाली की दुकानाची लाईन जोडायची. दुकानदाराला माहीत असायचं, तो फोन उचलून बोलायचा नाही, नुसता वर धरायचा. छताला फोन. आणि वरून याची आदळआपट ऐकू यायची, डबे पाडल्याची, पलंगावरून उड्या मारल्याची. तेवढं ऐकलं की ती लाईन काढायची.

'आवाज येतोय म्हणजे पोर बरं आहे,' ती म्हणाली. 'झालं माझं काम.'

'आणि मी?' ताई म्हणाली. साठीची बाई, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. 'माझं कसं कळायचं?'

'तुझा कधी आवाजच नसायचा. तुझ्याबद्दल दुकानदाराला विचारायला लागायचं. तो म्हणायचा, अभ्यास करतेय.' आईने तिचा हात हातात घेतला आणि त्याच्याकडे वळली. 'आता या कानाला फोनवर काही कळत नाही. ताई म्हणते, बरा आहे तो, बोलला माझ्याशी. पण बोललं म्हणजे काय? म्हणून म्हटलं, जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघावं, तू बरा आहेस का.'

'मग?' तो म्हणाला. 'आहे का?'

'आवाज तर खूप करतोस,' आई म्हणाली.

मग बोलणं निघत गेलं. मोठं काही नव्हतं. तो दुकानदार पुढे कुठे गेला. एक्स्चेंजमधली ती लाल खुर्ची, जिचा एक पाय लहान होता. ताईने एकदा याला कपाटात कोंडलं होतं ती गोष्ट. ताई अजूनही ते कबूल करायला तयार नव्हती. मधे ताईने बॅगेतून पाव आणि उकडलेली अंडी काढली, गाडीसाठी आणलेली, आणि तिघांनी ती खाल्ली. आई बोलता बोलता थांबायची, डुलकी घ्यायची, डोळे उघडून पुढचं सांगायची. त्याच्या लक्षात आलं की ती बोलायला लागायच्या आधी ओठ हलवते. चार दिवस ते ओठ हलताना त्याने बघितले होते. ऊन केबिनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. दोन वाजले तेव्हा त्याला खळग्यात डोकावून यायची उबळ आली. अडीचला पुन्हा आली. तीननंतर ती आली की नाही हे त्याला आठवेना.

साडेतीनला ताईने घड्याळ बघितलं, बॅगेची चेन लावली आणि उठून उभी राहिली. आईने पर्स काखेत धरली. तो पुढे गेला, किल्लीला हात घातला. इतकी वर्षं बॅटऱ्या हाताळून एवढं त्याला मीटरशिवायही कळत होतं, की पाच तास उन्हात निजलेली बॅटरी आता एका फटक्यात इंजिन उठवेल. इंजिन सुरू झालं की दहा मिनिटांत धक्का. धक्क्यावर दोन माणसं, वर चढवलेली आई, रिक्षा, स्टेशन.

त्याने किल्लीवरचा हात काढला.

'काय झालं?' ताईने विचारलं.

'अजून थोडी झोपू दे तिला,' तो म्हणाला. 'अर्धा तास.'

ताईने त्याच्याकडे बघितलं. गाडीला अडीच तास होते. तिने बॅग खाली ठेवली आणि परत बसली. तो आईच्या चांगल्या कानाच्या बाजूला येऊन मांडी घालून बसला, आणि त्या अर्ध्या तासात एकदाही उठला नाही.